दहाव्या प्रकरणातला सांधा

६ फेब्रुवारी

आठवं प्रकरण संपलं! स्टुडिओच्या काचेपलीकडून कानसेनने अंगठा दाखवला. आवाज टिपणारा माणूस, कानांतच राहतो, म्हणून हे नाव. अंगठा क्वचित. एरवी नुसती भुवई.

पुस्तक मोठं आहे. ट्रकच्या वजनकाट्यावर आयुष्य काढलेली एक म्हातारी आपली गोष्ट सांगते. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा तोलायचा, वजाबाकी करायची. आठ प्रकरणं झाली तरी मला ती दिसलेली नाही. वाचते आहे, इतकंच.

आईचा फोन. "अजून तेच का गं, दुसऱ्याने लिहिलेलं मोठ्याने वाचायचं?" तेच, म्हटलं. लोक विकत घेऊन ऐकतात. "ऐकतील बाई. तू चौथीत असताना मी फुकट ऐकलंय."

दवाखान्याचं तिला सांगितलं नाही. मागच्या खेपेला सांगितलं होतं. नंतर तिचंच सांत्वन करावं लागलं.

परवापासून सुया, मूल व्हावं म्हणून. मागच्या वेळी सुट्टी घेतली होती आणि महिनाभर भिंतींशी बोलले. या वेळी काम चालू ठेवायचं. ही शेवटची खेप. असं मी ठरवलं. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं."

८ फेब्रुवारी

पहिली सुई.

मास्तरची शेवटची शिकाऊ बाई गाडी लावून गेली. (गाडी शिकवतो म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. लग्नानंतर मीही.) तो हात धुऊन आला, स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून बसला. मी समोर उभी, शर्ट वर धरून. बेंबीच्या डावीकडे त्याने कातडी चिमटीत धरली. सुई बारीक. दुखत नाही, चावते. औषध आत जाताना मात्र जळतं.

खाली पाहिलं तर त्याचा उजवा पाय फरशीवर दाबलेला. टाच टेकलेली, चवडा घट्ट.

"हे काय?"

"काय?"

"पाय."

त्याने असं पाहिलं, जणू तो पाय दुसऱ्याच कुणाचा. "सवय," म्हणाला.

शिकवायच्या गाडीत त्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मास्तरने दाबायचा. आता बसमध्ये, शेजाऱ्याच्या गाडीत, कुठेही बसला तरी पाय आपोआप जातो. सिनेमातली गाडी वळली तरी!

"मी गाडी नाही," म्हटलं.

"गाडी परवडली. बिघडली की आवाज तरी करते."

११ फेब्रुवारी

दवाखान्याने एक कागद दिलाय. डोकेदुखी, मळमळ, सूज, चिडचिड. समोर हो किंवा नाही. तिथे 'हो' लिहायचं. बाकीचं इथे.

बाकीचं असं: जिभेवर नाण्याची चव. अंगठी निघत नाही. गाडीत जो सुगंधी पुठ्ठा लटकतो त्याचा वास मास्तरच्या केसांतून येतो. तो जवळ आला की मी श्वास धरते. त्याला वाटतं मी रागावलेय. मी खुलासा करत नाही.

नववं प्रकरण झालं. उद्या दहावं.

१३ फेब्रुवारी

दहाव्यात म्हातारी म्हणते, रिकामा ट्रक भरलेल्यापेक्षा जास्त वाजतो. हे वाक्य मी वाचलं आणि माझं पोट वाजलं. लांबलचक! जुन्या दाराच्या बिजागरीसारखं.

"पोट बोललं," कानसेन. "परत."

परत वाचलं. परत बोललं. तिसऱ्यांदा तर वाक्य संपायचीही वाट पाहिली नाही.

"बाई, आत कोण आहे हो?" तो म्हणाला. "त्याला सांगा, पुढच्या पुस्तकात घेऊ. यात त्याची भूमिका नाही."

मी हसले. कानांवरचे हेडफोन नीट केले. नीटच होते.

मग त्याने आतून एक उशी आणून दिली. तपकिरी, एका कोपऱ्याला उसवलेली. "पोटाशी धरा. वाचणारे सगळे धरतात. आवाज उशीत मुरतो." धरली. पोट गप्प झालं.

आत कोण आहे. घरी येईपर्यंत हेच.

१५ फेब्रुवारी

रोज बसण्याआधी कानसेन मला कालचं शेवटचं पान ऐकवतो. आवाज जुळवायचा म्हणून. कालची बाई ऐकायची आणि आज तीच व्हायचं. इतकी वर्षं हे करतेय, कधी अवघड गेलं नाही.

आज त्याने नववं ऐकवलं. मग काल संध्याकाळचं. मग परत नववं.

"सर्दी?"

"नाही."

"जागरण?"

"नाही."

"मग ही दुसरी बाई कोण?"

खरंच दुसरी होती. आवाज खाली बसलेला, जाड. शब्द ओल्या कपड्यांसारखे जड. दहाव्या प्रकरणाचं अर्धं एकीने वाचलंय, अर्धं दुसरीने.

दिवसभर मी जुनीची नक्कल केली. हनुवटी वर, आवाज नाकाकडे. तासाभराने घसा सोलून निघाला. मी माझीच नक्कल करतेय आणि जमत नाही! शेवटी कानसेन म्हणाला, "सोडा. आहात तशा वाचा. संपादकबाईंशी नंतर बोलू."

आहे तशी वाचली. निदान दुखलं नाही.

१६ फेब्रुवारी

पोटाच्या दोन्ही बाजू निळ्या. मास्तरला सुईसाठी जागा शोधावी लागते. बोटाने आधी चाचपतो, भिंतीत खिळा ठोकण्याआधी चाचपावी तशी.

१७ फेब्रुवारी

तपासणी. पडद्यावर काळे फुगे, द्राक्षांच्या घडासारखे. डॉक्टर खूश. "छान पिकताहेत." माझ्यात काहीतरी छान पिकतंय हे ऐकायला बरं वाटलं.

आवाजाचं विचारलं. "तसं काही लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही," म्हणाल्या. थोडा विचार केला. "पण सगळं अंग सुजतंय, तर गळ्यानेच काय पाप केलंय!"

१८ फेब्रुवारी

भांडण. कारण: खिडकी.

तो म्हणाला, उघडी ठेवू की लावू? मी म्हटलं, तुला काय हवंय? "तू म्हणशील तसं."

मला काय झालं कळलं नाही. गाडीच्या किल्ल्या हाताशी होत्या, त्या फेकल्या. त्याला लागल्या नाहीत, भांड्यांना लागल्या, आवाज मोठा झाला. तुला स्वतःचं काही वाटतं की नाही? खिडकी मी म्हणेन तशी, सुया मी म्हणेन तशा, मूलही मी म्हणेन तसं? तू घरात राहतोस की पाहुणा आलायस?

तो किल्ल्या उचलून खाली गेला आणि गाडी धुतली. गाडी सकाळीच धुतली होती.

वर आल्यावर मऊ आवाजात म्हणाला, "औषध बोलतंय. मला माहीत आहे."

याचा जास्त राग आला. आवाज औषधाचा, सूज औषधाची, रडू औषधाचं. राग तरी माझा असू दे ना.

(राग माझाच होता. अजून आहे. पण किल्ल्या बहुधा औषधाने फेकल्या.)

२० फेब्रुवारी

पोट नगाऱ्यासारखं ताणलंय. ताठ बसलं की श्वास अर्ध्यावर अडतो. स्वल्पविरामापासून स्वल्पविरामापर्यंत कसंबसं जाते. कानसेनने खुर्ची मागे झुकवून दिली, माइक खाली आणला. काही विचारलं नाही. न विचारणं त्याला जड जात होतं, ते काचेतून दिसत होतं.

मग सांगून टाकलं. उपचार चालू आहेत. मुलासाठी. उद्या-परवात बीजं काढतील, दोन दिवस येणार नाही.

तो बराच वेळ टेबलावरची बटणं वर-खाली करत राहिला. "म्हणजे त्या दिवशी मी जे बोललो. आत कोण आहे वगैरे."

"हो."

"जीभ झडो माझी."

"झडू दे. तुमचं काम कानांवर चालतं."

हसला. मीही. पोट दुखलं.

२३ फेब्रुवारी

काल बीजं काढली. गुंगीतून वर येताना सिस्टर नाव विचारत होती आणि मी म्हातारीचं वाक्य म्हटलं म्हणे: 'काटा स्थिर होऊ द्या.' सिस्टर म्हणाली, "होईल हं, होईल."

२४ फेब्रुवारी

फुगा. पाठीवर झोपता येत नाही, कुशीवरही नाही. बसता येत नाही, उभं राहिलं की आतून काहीतरी लोंबतं. फोनवर डॉक्टर: पोटात थोडं पाणी साठतं, ओसरेल, दम लागला किंवा लघवी कमी झाली तर तडक या.

मास्तरने मला सोफ्यावर अर्धवट बसवलं. पाठीशी गाडीतली गादी, गुडघ्यांखाली गुंडाळलेलं पांघरूण. मग समोर बसून राहिला. मी म्हटलं, शिकवायला जा. "आज गाडीला सुट्टी." मी म्हटलं, असं पाहत बसू नको. मग तो खिडकीबाहेर पाहत बसला.

भरलेलं वजा रिकामं. माझ्यात सध्या पाणी.

२७ फेब्रुवारी

दोन गर्भ चांगले निघाले. एक आज आत सोडला. दुसरा गोठवून ठेवला.

पडद्यावर पांढरा ठिपका, पेनाने टेकवावा तसा. मास्तर माझ्या डोक्याशी उभा होता. मला त्याचा चेहरा उलटा दिसत होता, आणि उलट्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.

३ मार्च

आता सुया मागे, कमरेखाली. या जाड. औषध तेलातलं, घट्ट. मास्तर बाटली आधी मुठीत धरून उबवतो, अंडं उबवावं तशी. मग पलंगाच्या कडेला बसतो. मी पालथी, मला फक्त फरशी दिसते, आणि फरशीवर तो पाय. रोज मी पाय पाहून ओळखते, आता टोचणार. टोचण्याआधी क्षणभर दाबला जातो.

गाठी आल्यात. बसणं म्हणजे खड्यांवर बसणं. स्टुडिओत उशी पोटावरून खाली गेली. "उशीची बदली झाली," कानसेन म्हणाला.

पण वाचन! आज एकविसावं वाचताना म्हातारी दिसली. काट्याच्या खोलीत, लोखंडी खुर्चीवर, एका कुशीवर रेलून. तिचं काहीतरी दुखतंय आणि ती ते सांगणार नाही. पुस्तकात असं कुठे लिहिलेलं नाही. पण तशीच बसते ती.

अंगठा मिळाला.

७ मार्च

छाती दुखते. मळमळतं. चक्कर. औषधानेही असंच होतं, आणि औषध लागू पडलं तरीही असंच. चोर आणि पाहुणा एकाच पावलांनी येतात. मी दिवसभर पावलं ऐकते.

मास्तर विचारतो, "कसं वाटतंय?" बरं वाटतंय म्हटलं तर त्याचा चेहरा पडतो. वाईट वाटतंय म्हटलं तर उजळतो आणि लगेच त्याला त्याची लाज वाटते. बिचारा.

१० मार्च

शेवटचं प्रकरण. पुस्तक संपलं. उशी परत केली. "राहू दे तुमच्याकडे," कानसेन म्हणाला. "आम्ही दुसरी घेऊ. ही तुमच्या ओळखीची झालीय."

१२ मार्च

नाही.

१३ मार्च

सिस्टरने फोनवर सांगितलं. आवाज चांगला होता तिचा, स्वच्छ, घाई न करणारा. अशा कामाला असाच हवा.

मास्तर शिकवत होता. मी खाली जाऊन गाडीच्या काचेवर टकटक केलं. आत चाकापाशी एक मुलगी घामाघूम. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या मुलीला म्हणाला, "इंजिन बंद कर. चावी काढ. शाबास." मग उतरला. आम्ही जिन्यात बसलो. मुलगी गाडीतच बसून राहिली, दोन्ही हात चाकावर, शिकवल्याप्रमाणे.

आज सुई नाही. ती वेळ आली तसा तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. खुर्ची ओढली. परत आत ढकलली.

२६ मार्च

अंगठी निघाली. साबणाशिवाय.

पोटावरचा शेवटचा निळा डाग पिवळा झालाय. भूक लागते. मास्तरच्या केसांना नुसता केसांचा वास येतो. आई फोनवर म्हणाली, "आज तुझा आवाज कसा मोकळा वाटतोय!" तिला दोन महिने काही जाणवलं नव्हतं असं मी समजत होते.

मोकळा! रिकाम्या ट्रकचा असतो तसा.

९ एप्रिल

संपादकबाईंचा फोन. सगळं पुस्तक ऐकलं. त्या कौतुक करतात तेव्हाही चुका दाखवल्यासारखं बोलतात.

"दहाव्याच्या मध्यापासून म्हातारी येते. साक्षात. त्याआधी कुणी चुणचुणीत मुलगी तिचं पत्र वाचून दाखवतेय. सुरुवातीचं सगळं परत करा. त्या आवाजात."

"तो आवाज नाही आता."

"नाही म्हणजे? कुठे गेला?"

काय सांगायचं? म्हटलं, बघते.

११ एप्रिल

कानसेनने हेडफोन दिले. "आज उलटी गंगा," म्हणाला. ज्या आवाजापासून मी पळत होते तोच जुळवायचा.

दहाव्याचा उत्तरार्ध लावला. मी डोळे मिटले. आणि ती आली—सुजलेली, जड, स्वल्पविरामाला अडणारी. तेव्हा मला हा आवाज किती ओंगळ वाटला होता! आज ऐकताना वाटलं, या बाईला अजून काही माहीत नाही. तिला अजून फोन आलेला नाही. तिच्यात अजून काहीही होऊ शकतं.

नक्कल केली. खोटी झाली. घसा खाली दाबून म्हातारपण येत नाही, नाटकातला मिशीवाला येतो.

"उद्या बघू," कानसेन.

१६ एप्रिल

सापडलं!

आवाज घशात नव्हताच. पोटात होता. श्वास पुरा खाली जात नव्हता म्हणून शब्द तसे पडत होते. तर मग श्वास अडवायचा. उशी पोटावर ठेवली, वरून मास्तरचा चामडी पट्टा आवळून बांधला, खुर्ची मागे झुकवली, एका कुशीवर रेलले. वरून सैल झगा. सकाळी खारट खाऊन गेले, पाणी कमी प्यायले. डॉक्टरांच्या कागदावरचं एकेक 'हो' मी हाताने बनवते आहे.

पहिलं वाक्य वाचलं. काचेपलीकडे भुवई वर गेली. दुसरं वाचलं. अंगठा.

२२ एप्रिल

दवाखान्यातून विचारणा: गोठवलेल्या गर्भाचं काय करायचं? ठेवायचा, वापरायचा, की सोडायचा. मेअखेर कळवा.

शेवटची खेप म्हटलं होतं. पण एक उरला की शेवट कसा म्हणायचा? पुन्हा नवी बीजं काढायला नकोत, तेवढं सोपं. पण गोळ्या आहेतच, मागच्या जाड सुया आहेतच, पावलं ऐकणं आहेच.

मास्तरला सांगितलं. तो टायर तपासत होता. वर न पाहता म्हणाला—लिहायला नकोच.

२९ एप्रिल

एक विचित्र गोष्ट. कुणाला सांगण्यासारखी नाही.

संध्याकाळी पट्टा सोडते तेव्हा वाईट वाटतं. उशी टेबलावर ठेवते, पोट सपाट होतं, श्वास खोल जातो. सुटका व्हायला हवी. होत नाही. फेब्रुवारीत मी रोज सुटका मागत होते. नगारा, गाठी, मळमळ, सगळ्यातून. आता ते दिवस मला हवेसे वाटतात. दुखत होतं तोवर काहीतरी चालू होतं.

म्हणजे मला मूल हवंय की नुसतं दुखणं परत हवंय? हे दोन वेगळे करता येत नाहीत. रोज प्रयत्न करते.

६ मे

पाचवं प्रकरण चालू होतं. वाचता वाचता काचेकडे पाहिलं तर कानसेनच्या मागे मास्तर उभा. न्यायला आला होता, पाऊण तास लवकर.

मी झगा घालून, मागे रेलून, हात पोटावर ठेवून. पोट चांगलं वर आलेलं. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईचं असतं तेवढं.

त्याला उशीचं सांगितलंच नव्हतं. राहून गेलं. खरं तर सांगायचं कसं हे कळलं नव्हतं.

मी थांबले. कानसेनने कुणाकडेच पाहिलं नाही, बटणांकडे पाहिलं. मास्तर काचेतून पाहत राहिला. मी घाईने झग्याखाली हात घालून पट्टा सोडला. उशी खाली पडली.

बाहेर आले. जिना उतरलो. मग तो म्हणाला, "कशाने बांधली होतीस?"

"तुझ्या पट्ट्याने."

"तरीच. वीस दिवस शोधतोय. पँट हाताने धरून लोकांना गाडी शिकवली मी."

दोघंही हसलो. रस्त्यात उभं राहून, इतकं की एक बाई वळून पाहू लागली. हसणं आधी त्याचं थांबलं.

१६ मे

झालं. दहाव्याच्या मध्यापर्यंत आले. कानसेनने सांधा लावला. नवं जिथे संपतं आणि फेब्रुवारीतलं जिथे सुरू होतं, ती जागा. दोन वाक्यांच्या मध्ये.

'मी शटर वर केलं.' हे आजचं, उशीवालं.

'बाहेर एकही ट्रक नव्हता.' हे तेव्हाचं.

त्याने दहा वेळा ऐकवलं. "सांधा ऐकू येतो?"

"नाही."

"मलाही नाही!" खुर्चीतून उठला. मग संपादकबाईंना ऐकवलं. त्यांनाही नाही. त्या म्हणाल्या, "पाहा, हरवला नव्हता ना? उगीच घाबरवलंत."

१७ मे

विचार केला. सांधा ऐकू येत नाही. म्हणजे ती आणि मी वेगळ्या नाही. तिने जे सोसलं ते मला सोसता येतं. महिनाभर हाताने बनवून सोसलं की. मग खरं का नाही? एकदाच. एक उरलाय तेवढा.

सोमवारी फोन करून हो सांगायचं. मास्तरला सांगितलं. त्याने मान हलवली. "तू म्हणशील तसं."

१८ मे

कानसेनने पहिली दहा प्रकरणं पाठवली. मास्तर म्हणाला, गाडीत ऐकू, घरात मला ऐकू येत नाही. त्याच्या शिकवायच्या गाडीत बसलो. मी चाकापाशी, तो त्याच्या जागेवर. गाडी घराखाली उभी. इंजिन बंद. मधूनमधून ऐकलं, दहावं मात्र सुरुवातीपासून.

सांधा कुठे आहे हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

'मी शटर वर केलं.'

पुढच्या वाक्याचा पहिला शब्द आला आणि त्याचा पाय खाली गेला. पुरा. माझ्या पायाखालचा ब्रेकही त्याच्यासोबत खाली गेला.

'बाहेर एकही ट्रक नव्हता.'

मी आवाज बंद केला. काय झालं, विचारलं.

"इथून तुला दुखतंय," तो म्हणाला. "आधी दुखत नव्हतं."

समोर रस्ता मोकळा होता. मी म्हटलं, "मग? उद्या काय सांगू?"

मी वाट पाहिली. ते वाक्य आलं नाही.

"पुरे," म्हणाला. "मला नको आता."

पाय तसाच दाबलेला होता. मी माझा त्यावर ठेवला.